ग्लुकोज सेन्सरचं रीडिंग भटकतंय? आधी स्ट्रिप काढा, रेझिस्टर लावा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम आणि नागपूरचा उन्हाळा एकाच वेळी येतात. मार्च संपला की माझ्या टेबलावर तेच सर्किट पुन्हा पुन्हा येतं. बाजारातली ग्लुकोमीटरची स्ट्रिप, तिला थोडं व्होल्टेज, करंटचं व्होल्टेज करणारा एक ऑपअँप, पुढे अर्दुइनो ऊनो आणि एक छोटा डिस्प्ले. कॉलेज वेगळं, पोरं वेगळी, तक्रार मात्र एकच असते: रीडिंग टिकत नाही.

लक्षणं साधारण अशी असतात. तुमच्याकडे यातलं कोणतं आहे ते आधी कागदावर लिहा.

- स्ट्रिप लावलेलीच नाही, तरी आकडा शून्यावर नाही आणि वर-खाली होतोय.
- थेंब टाकला की आकडा चढतो, मग घसरत राहतो, कुठेच थांबत नाही.
- द्रावण एकाच बाटलीतलं, स्ट्रिप एकाच डबीतल्या, तरी दरवेळी वेगळा आकडा.
- सकाळी बरोबर, दुपारी जास्त. कूलर लावला की आणखी बिघडतं.
- कमी ग्लुकोजला ठीक, पण एका पातळीनंतर आकडा सपाट.
- आकडा अगदी वरच्या नाहीतर खालच्या टोकाला चिकटलेला.
- लॅपटॉपचा चार्जर लावला की एक, काढला की दुसरं.

निदान सगळे घरूनच करून आणतात: "सर, ऑपअँप उडाला वाटते." ऑपअँप क्वचितच उडालेला असतो. तो बदलून, पुन्हा सोल्डर करून, पॅड उचकटून मग बोर्ड माझ्याकडे येतो. म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटच्या गोष्टी आधी, सोल्डरिंग सगळ्यात शेवटी.

आकडे एकदा ठरवून घेऊ

पुढचं सगळं समजायला एक ठरावीक सर्किट डोळ्यांसमोर ठेवू. वर्किंग इलेक्ट्रोड (स्ट्रिपचं ते टोक जिथे ग्लुकोजचा करंट मोजतो) १.० व्होल्टवर धरलेला आहे. रेफरन्स आणि काउंटर (समोरचे इलेक्ट्रोड) एकत्र जोडून ०.६ व्होल्टवर आहेत. म्हणजे सेलवर, म्हणजेच इलेक्ट्रोड आणि मधलं द्रावण यांवर, ०.४ व्होल्ट पडतात. फीडबॅक रेझिस्टर (ऑपअँपच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंतचा) १०० किलोओहमचा. ग्लुकोजमुळे वर्किंग इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होतं तेव्हा करंट या टोकातून सेलमध्ये जातो, आणि तो पुरवायला ऑपअँपचं आउटपुट १.० व्होल्टच्या वर चढतं. दर मायक्रोअँपिअरला ०.१ व्होल्ट. तुमच्या बोर्डवर आकडे वेगळे असतील तर त्याच पद्धतीने तुमचे काढा. हे गणित ज्यांच्याकडे लिहिलेलं नसतं त्यांना "रीडिंग चुकतंय" एवढंच सांगता येतं, किती आणि कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही.

फुकटची तपासणी: चार्जर आणि कूलर

लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. कूलर बंद करा. मोबाइल बोर्डाशेजारून उचला. मग दोन-चार मिनिटं नुसता आकडा पाहा.

स्ट्रिपमधला करंट काही मायक्रोअँपिअरचा असतो आणि ऑपअँपच्या इनपुटला लोंबणारी वायर अँटेनाचं काम करते. चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून ५० हर्ट्झचा किंचित करंट पलीकडे येतो. अर्थिंग नसेल तर लॅपटॉप, यूएसबी आणि तुमचा बोर्ड सगळेच मेन्सबरोबर हेलकावे खातात. तीन पिनांचा चार्जर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. असली तरी आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. जाणते इलेक्ट्रिशियन उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला सांगतात ते उगीच नाही.

बॅटरीवर आकडा शांत झाला तर दोष सापडला. वायर आखूड करा, बोर्ड पत्र्याच्या डब्यात घाला, डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडा. शिवाय कोड बघा. बहुतेक कोडमध्ये दहा नमुन्यांची सरासरी असते. ऊनोवर एक नमुना घ्यायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे दहा नमुने एका मिलिसेकंदात संपतात. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तुम्ही त्या लाटेचा एक छोटासा तुकडा मोजता आणि त्याला सरासरी म्हणता. त्याऐवजी पूर्ण १०० मिलिसेकंद नमुने गोळा करा. पाच आवर्तनं पुरी होतात आणि चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. एवढ्यानेच काही बोर्ड घरी परत जातात.

कूलरबाबत मात्र घाई करू नका. कूलर बंद केल्या केल्या आकडा शांत झाला की दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू, हे नीट पाहून ठेवा. लगेच शांत झाला तर मोटरचा आणि पंपाचा विद्युत गोंगाट. हळूहळू शांत झाला तर कारण दमटपणा आहे आणि त्याचा इलाज अगदी वेगळा आहे. खाली येतोच त्याच्याकडे.

रुपयाची तपासणी: स्ट्रिपच्या जागी रेझिस्टर

बाकीचं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, हे ठेवा.

स्ट्रिप काढा. कनेक्टरमध्ये काहीच नसताना आउटपुट मोजा. ते १.० व्होल्टच्या अगदी जवळ हवं, कारण करंटच नाही. मग वर्किंग आणि रेफरन्स-काउंटर यांच्यामध्ये १०० किलोओहमचा एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर लावा. ०.४ व्होल्ट भागिले १०० किलोओहम म्हणजे ४ मायक्रोअँपिअर, म्हणजे आउटपुट १.४ व्होल्ट यायला हवं. मग २०० किलोओहम लावा: २ मायक्रोअँपिअर, १.२ व्होल्ट. मग १ मेगाओहम: ०.४ मायक्रोअँपिअर, १.०४ व्होल्ट. तिन्ही रेझिस्टर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कोणत्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतात आणि तिघांचे मिळून चहाइतकेही पैसे होत नाहीत.

या तपासणीने दोष दोन घरांत वाटला जातो. रेझिस्टरला स्ट्रिपसारखं एन्झाइम (ग्लुकोजवर क्रिया घडवणारं प्रथिन) नसतं, एक्सपायरी नसते, ग्लुकोजही नसतं. त्याच्यावर आउटपुट बरोबर आणि स्थिर आलं तर सर्किट निर्दोष आहे. मग ऑपअँपला हात लावू नका आणि थेट द्रावण-स्ट्रिपच्या भागाकडे जा. त्याच्यावरही आकडा भटकत असेल तर स्ट्रिपला आणि केमिस्ट्रीच्या सरांना दोष देणं थांबवा, घोळ बोर्डावर आहे.

काहीच न लावता आउटपुट १.० पासून चार-पाच मिलिव्होल्ट सरकलेलं दिसलं तर घाबरू नका. एलएम३५८ सारख्या स्वस्त ऑपअँपच्या इनपुटमधूनच काही दहा नॅनोअँपिअर वाहतात आणि १०० किलोओहमवर त्याचे काही मिलिव्होल्ट होतात. ऊनोच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरीच जवळपास ४.९ मिलिव्होल्टची आहे. मायक्रोअँपिअरच्या स्ट्रिपला एलएम३५८ चालतो, त्याला उगाच बदनाम करू नका. पण कुणी शरीरात राहणाऱ्या सेन्सरसारखा नॅनोअँपिअरचा इलेक्ट्रोड बनवतंय आणि फीडबॅकला १० मेगाओहम लावलाय, तर त्याच गळतीचे तिथे काही दशांश व्होल्ट होतात आणि गरमीत तेही सरकतात. तिथे एमसीपी६००२ सारखा सीमॉस ऑपअँप लागतोच. त्याच्या इनपुटची गळती साधारण तापमानाला पिकोअँपिअरच्या घरात असते.

कनेक्टरमधलं मीठ

रिकाम्या कनेक्टरवर आउटपुट १.०४, १.०५ असं काहीतरी दाखवतंय आणि कूलर सुरू असताना वाढतंय? मग टॉर्च घेऊन कनेक्टरच्या आत बघा.

होतं असं. प्रयोग करताना थेंब स्ट्रिपवरून ओघळून कनेक्टरमध्ये जातो. द्रावण बफरचं (पीएच स्थिर ठेवणारं), म्हणजे त्यात मीठ. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते तासाभरात वाळतं, दोन पिनांमध्ये पांढरी पापुद्र्यासारखी रेघ उरते आणि कोरडं मीठ करंट वाहून नेत नाही. म्हणून सगळं ठीक वाटतं. मग दुपारी कुणीतरी कूलर लावतं. आपला कूलर हवा नुसती गार करत नाही, ओलीही करतो. बंद खोलीत तर खिडकीची काच दमट होते. मीठ ओलावा ओढतं आणि दोन पिनांमध्ये मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर आपोआप तयार होतो. ०.४ व्होल्ट, १ मेगाओहम, ०.४ मायक्रोअँपिअर. वरच्या गणितातल्या ४ मायक्रोअँपिअरच्या रीडिंगमध्ये ही सरळ दहा टक्क्यांची भर. पावसाळ्यात हाच बोर्ड दिवसभर चुकतो, कारण तेव्हा कूलरचीही गरज नसते.

"सर, सकाळी बरोबर येत होतं ना, आता काहून असं करते?" या प्रश्नाचं उत्तर फार वेळा त्या पांढऱ्या रेघेत असतं.

साफ करताना सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसतात. फ्लक्ससाठी ते ठीक, पण मीठ त्यात नीट विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, मग अल्कोहोल, मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पॉवर बंद ठेवून, हे सांगायला नको. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, कनेक्टरचं प्लास्टिक खराब होतं. आणि द्रावण टाकताना बोर्ड तिरका धरा, स्ट्रिपचं टोक खालच्या बाजूला. म्हणजे थेंब आत जाणारच नाही.

ब्रेडबोर्डवर सर्किट असेल तर हाच त्रास दुप्पट. आतल्या पत्र्याच्या पट्ट्या दमट हवेत काळ्या पडतात आणि मीठ गेलंच तर काढता येत नाही. इनपुटचा भाग तरी परफबोर्डवर सोल्डर करा.

सेलवर खरंच किती व्होल्ट पडतायत

मल्टीमीटर घ्या. १०० किलोओहमचा रेझिस्टर लावलेला ठेवून वर्किंग आणि रेफरन्स यांच्यामधला फरक मोजा. मग रेझिस्टर काढून मोजा. दोन्ही वेळा ०.४ च यायला हवा.

फरक पडत असेल तर बहुधा रेफरन्स-काउंटरची बाजू दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरवरून थेट घेतलेली आहे, मध्ये बफर (इथे द्रावण नव्हे, व्होल्टेज न हलू देता करंट सांभाळणारा ऑपअँप) नाही. दहा-दहा किलोओहमचा डिव्हायडर बाहेरून ५ किलोओहमसारखा दिसतो. २० मायक्रोअँपिअर वाहिले की तिथेच १०० मिलिव्होल्ट सरकतात. म्हणजे ग्लुकोज जितकं जास्त तितकं सेलवरचं व्होल्टेज कमी. वरच्या आकड्यांना रेघ वाकते ती यामुळे. एलएम३५८ मध्ये दोन ऑपअँप असतात. दुसरा रिकामा पडलेला असतो, त्याचा बफर करा.

किती व्होल्टेज द्यायचं यावरही घोळ असतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट छापलेलं असतं आणि पोरं तेच उचलतात. हा आकडा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणाऱ्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडचा आहे. लीलंड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, तिच्यातून पुढे जी घराणी निघाली त्यांतलं हे एक. आजच्या बहुतेक स्ट्रिपमध्ये फेरिसायनाइडसारखा मीडिएटर असतो. तो एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेऊन इलेक्ट्रोडला देतो आणि त्याला त्याहून बरंच कमी व्होल्टेज पुरतं. ०.७ व्होल्ट दिलेत तर ग्लुकोजबरोबर व्हिटॅमिन सी आणि पॅरासिटामॉलही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होतात आणि त्यांचाही करंट ग्लुकोजच्या नावावर जमा होतो.

आकडा खालच्या टोकाला चिकटलेला असेल तर पिना उलट असण्याची शक्यता आधी तपासा. प्रत्येक कंपनीच्या स्ट्रिपची पिनांची मांडणी वेगळी असते. काही पिना तर फक्त स्ट्रिप आत गेली किंवा थेंब भरला हे कळण्यासाठी असतात.

छत आणि एडीसी

एका पातळीनंतर सपाट होणाऱ्या आकड्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एलएम३५८ चं आउटपुट ३.५ व्होल्टच्या आसपास थांबतं, कारण तो वरच्या रेलपर्यंत (पुरवठ्याच्या ५ व्होल्टपर्यंत) पोचतच नाही. १.० पासून मोजलं तर २.५ व्होल्ट उरतात, म्हणजे २५ मायक्रोअँपिअर. त्याच्या पुढचा करंट त्याला दिसत नाही. फीडबॅक ४७ किलोओहमचा करा किंवा रेल-टु-रेल ऑपअँप घ्या.

एडीसीचा संदर्भ यूएसबीच्या ५ व्होल्टवरून घेतला असेल तर लॅपटॉप बदलला की रीडिंग बदलणार, कारण ते ५ व्होल्ट कधी ४.८ असतात, कधी ५.१. स्वतःचा अंतर्गत संदर्भ असलेला एडीएस१११५ लावला की हा विषय संपतो. ईएसपी३२ वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: त्याचा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे आणि वाय-फाय सुरू असताना एडीसी-२ च्या पिना चालत नाहीत.

बोर्ड निर्दोष ठरला, आता द्रावण आणि स्ट्रिप

हा भाग मुद्दाम इथे ठेवला. एकेक स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांना पडते आणि बोर्डाचा दोष शोधायला अख्खी डबी संपवलेली पोरं मी पाहतो. बोर्ड रेझिस्टरवर पास झाल्याशिवाय डबी उघडू नका.

पहिली गोष्ट, घसरणारा आकडा हा दोष नाही. थेंब पडून व्होल्टेज लागलं की इलेक्ट्रोडजवळचा माल संपत जातो आणि लांबून विसरणाने (डिफ्यूजनने) येणारा पुरत नाही. कॉट्रेलच्या समीकरणाप्रमाणे करंट वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो: एका सेकंदाला जो होता त्याच्या निम्मा चार सेकंदांना. त्यामुळे "आकडा स्थिर होईपर्यंत थांबा" असा कोड लिहिला तर तो थांबतच राहील. ठरावीक क्षणी मोजायचं, एवढंच. पाच सेकंदांऐवजी साडेपाचला मोजलंत तर रीडिंग जवळपास पाच टक्के कमी येतं. थेंब टाकून हाताने बटण दाबणाऱ्या सर्किटमध्ये दर स्ट्रिपचा आकडा वेगळा येतो तो म्हणून. करंटने एक ठरावीक पातळी ओलांडली की घड्याळ आपोआप सुरू होईल असं करा. बटण काढून टाका.

दुसरी, ग्लुकोजचं द्रावण. याच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम फक्त बीटा-ग्लुकोजवर काम करतं. पावडर मात्र बहुधा अल्फा रूपातली असते. पाण्यात घातल्यावर अल्फाचं हळूहळू बीटा होतं आणि काही तासांनी साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा असा तोल येतो. सकाळी द्रावण केलं आणि लगेच मोजायला बसलात तर दिवसभर रीडिंग चढत जाईल. सर्किटमध्ये काही दोष नसताना. द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पावडर कोणती, हेही बघा. उन्हाळ्यात घरोघरी असलेला ग्लुकोजचा डबा पिण्यासाठी आहे. त्यात बहुधा इतरही काही मिसळलेलं असतं. लॅबच्या बाटलीवरही डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट लिहिलं आहे की अनहायड्रस, ते वाचा. एकाचं रेणुभार १९८, दुसऱ्याचं १८०. न बघता तोललंत तर दहा टक्के चूक तराजूवरच झाली. आणि नुसत्या आरओच्या पाण्यात करू नका, त्यात आयन जवळपास नसतात. फॉस्फेट बफर सलाइन, पीएच ७.४, हे नेहमीचं माध्यम. त्यातल्या क्लोराइडचा आणखी एक उपयोग आहे: सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सचं व्होल्टेज क्लोराइडवर अवलंबून असतं. क्लोराइड दहापट कमी झालं की ते सुमारे ५९ मिलिव्होल्टनी सरकतं.

तिसरी, स्ट्रिप. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो. झाकण उघडं राहिलं की तो थकतो. बहुतेक डब्यांवर साठवणीचं तापमान ३० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. गाडीच्या डिकीत, हॉस्टेलच्या गच्चीखालच्या खोलीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. गरमी आणि ओलाव्यात फेरिसायनाइड आपोआप फेरोसायनाइड होत जातं. मग ग्लुकोज नसलेल्या बफरलाही स्ट्रिप करंट देते. म्हणून नुसत्या बफरचं रीडिंग रोज एकदा घ्या. ते वाढत चाललं असेल तर डबी फेका, गणितात वजाबाकी करून दिवस ढकलू नका.

तापमान

सकाळी २८ अंश, दुपारी खोलीत ४०. पाण्यातल्या विसरणाचा वेग दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. एन्झाइमचा वेगही तापमानाबरोबर वाढतो, तो प्रत्येक स्ट्रिपच्या रचनेप्रमाणे वेगळा. सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळणारच नाही. विकतच्या मीटरमध्ये तापमान सेन्सर असतो आणि साधारण ४० अंशांच्या वर बरेच मीटर मोजायला नकार देतात.

एक थर्मिस्टर किंवा एलएम३५ स्ट्रिपच्या कनेक्टरला चिकटवा. लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतापासून दूर, नाहीतर तो लॅपटॉपचंच तापमान सांगेल. तेच द्रावण दोन तापमानांना मोजा आणि दर अंशाला किती टक्के फरक पडतो ते तुमच्या स्ट्रिपसाठी काढा. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमधला गुणांक उचलू नका.

अवघड भाग: दोलन आणि चिप

रेझिस्टरवर सगळं सुरळीत आणि स्ट्रिप लावली की आउटपुट थरथरतं, असं असेल तर स्ट्रिपच्या जागी लावलेल्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर १ मायक्रोफॅरादचा कपॅसिटर लावून पाहा. इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्या सीमेवर दर चौरस सेंटिमीटरला वीसेक मायक्रोफॅरादची धारिता असते. काही चौरस मिलिमीटरच्या स्ट्रिपलाही ती मायक्रोफॅरादच्या आसपास जाते. ऑपअँपच्या इनपुटला एवढं ओझं लागलं की तो दोलन करू लागतो. मल्टीमीटर ते नुसतं चुकीच्या सरासरीसारखं दाखवतो, ऑसिलोस्कोपवरच खरं कळतं. इलाज: फीडबॅक रेझिस्टरला समांतर कपॅसिटर. १०० किलोओहमला १०० नॅनोफॅराद लावलं तर वेळस्थिरांक १० मिलिसेकंद होतो, पाच सेकंदांच्या मोजणीला ते भरपूर आहे. वर्किंग इलेक्ट्रोडच्या मार्गात काहीशे ओहमचा रेझिस्टरही मदत करतो.

एलएमपी९१००० सारखी तयार चिप (सेन्सरचं हे सगळं सर्किट एकात असलेली) वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी: "सेटिंग लिहिलं तरी काही बदलतच नाही." या चिपचे गेन आणि बायसचे रजिस्टर पॉवर आल्यावर कुलूपबंद असतात. आधी लॉक रजिस्टरमध्ये शून्य लिहायचं, मग बाकीचं. एनेबलची पिनही लो हवी, नाहीतर चिप बसवर (तिला अर्दुइनोशी जोडणाऱ्या तारांवर) उत्तरच देणार नाही. लिहिल्यावर तोच रजिस्टर वाचून बघायची सवय लावा.

इथे थांबा

ही चिप जागीच गेली असं वाटत असेल तर स्वतः उखडू नका. तिला बाहेर पाय नसतात, पोटाखाली पॅड असतं. साध्या सोल्डरिंग आयर्नने ती निघत नाही, ट्रॅक निघतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या हात बसलेल्या कारागिराकडे हॉट एअर असतो, त्याच्याकडून करून घ्या.

रेझिस्टरवर पास, कपॅसिटरसकट पास, द्रावण आदल्या रात्रीचं, डबी नवी, तापमान नोंदलेलं, तरी आकडे पसरलेले असतील तर इलेक्ट्रॉनिक्सची हद्द संपली. विशेषतः इलेक्ट्रोड घरी बनवलेला असेल तर. आता सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं) करणारं प्रमाणित पोटेन्शिओस्टॅट आणि ते वाचणारा माणूस हवा. नागपुरातल्या एलआयटी, व्हीएनआयटी किंवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात आपल्या गाइडचं पत्र घेऊन विचारा.

बोटातून रक्त काढून हॉस्टेलच्या मित्रांवर प्रयोग करू नका. माणसांवरच्या चाचणीला नैतिक समितीची परवानगी लागते, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) एकाची दुसऱ्याला चालत नाही आणि वापरलेली सुई कचऱ्याच्या टोपलीत टाकायची नसते. तांत्रिक अडचणही आहेच: रक्तात लाल पेशींचं प्रमाण बदललं की स्ट्रिपचा करंट बदलतो. बफरवर बसवलेलं तुमचं कॅलिब्रेशन तिथे लागू पडत नाही. मेन्सवर चालणारा घरगुती बोर्ड कुणाच्या अंगाला लागेल असं तर अजिबात काही करू नका.

घरातल्या पेशंटसाठी हा बोर्ड कधीच वापरू नका, कितीही बरोबर आला तरी. आयएसओ १५१९७:२०१३ प्रमाणे विकतच्या मीटरची किमान ९५ टक्के रीडिंग ठरावीक हद्दीत यावी लागतात: १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत, १०० आणि त्यावर १५ टक्क्यांच्या आत. आपल्याकडे ग्लुकोमीटर वैद्यकीय उपकरण म्हणून नियमांखाली येतो. घरच्या मीटरवरच शंका असेल तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन तुलना करा. आणि मधुमेहाच्या माणसाला घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळायला लागलं, तर सर्किटचं काय ते नंतर बघू. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर द्या आणि डॉक्टर गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखान्यात न्या.

कुणाकडेही बोर्ड नेताना एक कागद सोबत न्या: रिकाम्या कनेक्टरचं आउटपुट, १०० आणि २०० किलोओहम आणि १ मेगाओहमवरची आउटपुट, नुसत्या बफरचं रीडिंग, त्या वेळचं तापमान, आणि कूलर सुरू होता की बंद.